जेलरोडचं सेवा केंद्र: ताईंना पाचपैकी पाच, पण त्यांच्या वहीची गरजच पडायला नको

मुलीची बारावी झाली आणि जूनमध्ये आमच्या घरात दुसरा विषयच राहिला नाही, दाखले, दाखले आणि दाखले. उत्पन्नाचा, डोमिसाइल, नॉन क्रीमिलेयर, त्यात गावाकडच्या जमिनीचा सातबारा पण लागणार होता. आम्ही नाशिकरोडच्या जेलरोडला राहतो, घराजवळच एका गाळ्यात आपले सरकार सेवा केंद्र आहे, एक ताई चालवतात, सोबत त्यांचा भाचा असतो. महिनाभरात तिथे आठ-नऊ चकरा झाल्या असतील, त्यामुळे मनापासून रिव्ह्यू लिहितोय. थोडा लांबेल, कारण केंद्राबद्दल तर लिहायचंच आहे पण तिथे बाकड्यावर बसून जे दिसलं ते पण लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

आधी केंद्राचं. दरफलक दारातच लावलाय, फलकावर जो आकडा तोच घेतात, पावती न मागता देतात. सकाळी कागदावर नाव लिहून घरी जाता येतं, नंबर जवळ आला की भाचा फोन करतो, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना उभं राहायला लागत नाही. आणि एक गोष्ट मी दुसरीकडे कुठेच बघितली नाही, सबमिट दाबायच्या आधी ताई स्क्रीन तुमच्याकडे फिरवतात आणि म्हणतात, "भाऊ, नाव मोठ्याने वाचा, मग जन्मतारीख वाचा." ज्याला वाचता येत नाही त्याला त्या स्वतः वाचून दाखवतात आणि त्याने हो म्हटल्यावरच बटण दाबतात. घाई असली तरी हे सोडत नाहीत. आमच्या पुढे एक आजीबाई होत्या, त्यांचं जन्मसालच चुकलेलं होतं ते असं वाचतानाच सापडलं.

आता त्या वहीचं. ताईंच्या टेबलावर एक दोनशे पानी वही असते, खाकी कव्हर, कडेला रंगीत कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. मला आधी वाटलं उधारीची असेल. तिसऱ्या चकरेला विचारलं तर त्यांनी उघडून दाखवली. एकेका पोर्टलला एकेक पान दिलेलं. "इथे तारखेत आधी महिना, मग दिवस." "पत्त्यात स्वल्पविराम चालत नाही, तिरकी रेघ पण नाही." "मधलं नाव कंपल्सरी, नसेल तर टिंब द्यायचं, डॅश घेत नाही." "पीडीएफचं नाव मराठीत असेल तर अपलोड होत नाही." "मागे जायचं बटण दाबायचं नाही, सगळं पुसलं जातं." काही ओळींवर काट मारलेली आणि शेजारी नवीन तारीख टाकलेली, कारण पोर्टल बदललं की नियम बदलतात आणि कुणी कळवत नाही, कुणाचा तरी अर्ज अडकतो तेव्हाच कळतं. माझा नंबर येईपर्यंत मी ती वही वाचत बसलो होतो आणि खरं सांगतो मला वाईट वाटत होतं. जे काम सरकारने एकदा बसून सगळ्या खात्यांसाठी ठरवायला हवं होतं ते एक बाई निळ्या पेनने वहीत करतेय. राज्यात अशा किती टेबलांवर किती वह्या असतील, आणि जो माणूस घरी बसून स्वतःच्या मोबाइलवर फॉर्म भरतो त्याच्याकडे तर वही पण नाही.

फोटोचंच बघा. लेकीचा फोटो स्टुडिओत जाऊन नीट काढला. एका पोर्टलला तो २० केबीच्या आत पाहिजे, दुसऱ्याला कमीत कमी ५० केबीचा पाहिजे, म्हणजे एकच फाइल दोन्हीकडे चालूच शकत नाही. तिसरीकडे फोटोखाली नाव आणि तारीख छापलेली हवी, चौथीकडे नाव दिसलं तर फोटो बाद. भाच्याच्या कॉम्प्युटरवर लेकीच्या नावाचं फोल्डर आहे त्यात तिचे पाच फोटो आहेत, चेहरा एकच, नावं 'फोटो वीस', 'फोटो पन्नास', 'फोटो नाववाला' अशी, आणि सहीचं पण तसंच. २० केबीत दाबून बसवलेल्या फोटोत तिच्या कपाळावरची टिकली दिसत नाहीये आणि कानाजवळ सगळे चौकोन चौकोन झालेत. भाचा म्हणाला, दिवसातला अर्धा वेळ फोटो कापण्यातच जातो. आता ज्या काळात साध्या मोबाइलचा एक फोटो तीन-चार एमबीचा असतो त्या काळात ते आकडे त्याच त्या जुन्या कॉम्प्युटरच्या जमान्यातले, आणि ते पण प्रत्येकाचे वेगळे.

मग माझ्या नावाचं प्रकरण. माझं नाव ज्ञानेश्वर. मराठीत काही प्रश्न नाही, पण इंग्रजीत हे नाव लिहायच्या तीन-चार तऱ्हा आहेत हे ज्याच्या घरात ज्ञानेश्वर आहे त्याला सांगायला नको. माझ्या आधारवर डी-एन-वाय ने सुरू होतं, लेकीच्या दहावीच्या मार्कशीटवर मधल्या नावात वाय गळलाय, आणि रेशनकार्डावरून कुणीतरी कधीकाळी टाइप केलेल्या नोंदीत ते चक्क जी-वाय ने सुरू होतं. त्यात शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी. एका पोर्टलला पूर्ण नाव एका चौकटीत, दुसऱ्याला तीन चौकटी, तिसऱ्याला वडिलांचं नाव वेगळं मागून वर मधलं नाव परत वेगळं. एक अर्ज परत आला, शेरा काय तर "नावात तफावत". कोणतं नाव, कोणत्या कागदाशी तफावत, कोणतं बरोबर धरायचं, काही नाही. ऑफिसचं नाव घेत नाही कारण तिथल्या क्लार्कची चूक आहे असं मला वाटत नाही, त्याच्यासमोर दोन वेगळी नावं आली तर तो तरी काय करणार, त्याला पण कुणी ठरवून दिलेलं नाही की नावातला एवढा फरक चालवून घ्यायचा आणि एवढा नाही.

आणि अर्ज परत येणं म्हणजे नुसती एक चकर वाढली एवढंच नसतं. आपल्याकडे २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, चांगला कायदा आहे, दाखला किती दिवसांत द्यायचा ते ठरवून दिलेलं असतं, नाही दिला तर पहिलं अपील, दुसरं अपील, त्यावर आयोग, आणि अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. पण ते दिवस मोजायला सुरुवात होते अर्ज सगळ्या बाजूंनी पूर्ण असेल तेव्हा. म्हणजे नावात एक वाय कमी किंवा फोटो दोन केबी जास्त म्हणून अर्ज परत आला की घड्याळ परत शून्यावर, आणि तिकडे ॲडमिशनची शेवटची तारीख काही थांबत नाही. म्हणून मला वाटतं फॉर्म कसा असावा, नाव कसं घ्यावं, फाइल केवढी असावी हे सगळं त्या कायद्याच्या बरोबरीने महत्त्वाचं आहे, हक्क मिळतो का नाही हे ह्या बारीक गोष्टींवर ठरतं.

घरी हे बोलणं चाललं होतं तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जे सांगितलं ते डोक्यात बसलंय. अण्णा नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून रिटायर झालेत, आपल्या देशाचे पासपोर्ट तिथेच छापतात. ते म्हणाले, पासपोर्ट उघड, फोटोच्या पानावर खाली दोन ओळी बघ. खरंच बघितलं, प्रत्येक ओळीत बरोबर ४४ खुणा, ना एक कमी ना एक जास्त, पहिल्या ओळीत आधी पासपोर्टची पी ही खूण, मग देश, मग आडनाव, मग बाकीचं नाव, मोकळी जागा राहिली तर ती बाणाच्या टोकासारख्या खुणेने भरून काढायची, आणि नाव लांब असेल तर कुठे तोडायचं ते पण ठरलेलं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं ९३०३ नंबरचं दस्तावेज आहे त्यात हे सगळं लिहिलंय आणि जगभरचे देश ते पाळतात, म्हणून आपल्या नाशिकरोडला छापलेलं पुस्तक कुठल्याही देशाच्या विमानतळावरच्या मशीनला एका फटक्यात वाचता येतं. अण्णा म्हणाले, "अरे दीडशे-दोनशे देशांचं एका कागदावर जमतं, आणि आपल्या एका जिल्ह्यातल्या दहा खात्यांचं जमत नाही?" मला उत्तर देता आलं नाही.

बरं, आपल्याकडे कुणी विचारच केला नाही असंही नाहीये, हे मी नंतर वाचून बघितलं. सरकारी वेबसाइट कशी असावी याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्ये आली, २०१८ मध्ये सुधारली, २०२३ मध्ये तिसरी आवृत्ती आली. नाव, पत्ता, जन्मतारीख हे सरकारी डेटामध्ये कोणत्या साच्यात लिहायचं याचे पण स्टँडर्ड केंद्राने काढून ठेवलेत. देशातल्या प्रत्येक गावाला एक कोड देणारी लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी आहे. म्हणजे कागदावर बरंच काही आहे. पण प्रत्येक खात्याचं सॉफ्टवेअर वेगळ्या वर्षी, वेगळ्या टेंडरमधून, वेगळ्या कंपनीने केलेलं, ज्याने जे बनवलं ते तसंच चालू, आणि स्टँडर्ड पाळलं नाही म्हणून पोर्टल चालू व्हायचं थांबलं असं माझ्या तरी बघण्यात नाही.

इंग्लंडमध्ये इथेच फरक केलाय. तिथे सरकारी डिजिटल सेवांसाठी एकच स्टँडर्ड आहे, २०१४ मध्ये लागू झालं तेव्हा २६ मुद्दे होते, कमी करत करत आता १४ वर आणलेत, आणि मोठी सेवा लोकांसाठी खुली करायच्या आधी बाहेरच्या माणसांचं पॅनल ती त्या मुद्द्यांवर तपासतं. चौकटी, बटणं, चूक दाखवणारे मेसेज कसे लिहायचे याचा तयार संच सगळ्या खात्यांना दिलाय. त्यात नावाबद्दलचा सल्ला वाचून मला आमचंच घर आठवलं, शक्य तिथे पूर्ण नावाची एकच चौकट ठेवा म्हणतात, कारण सगळ्यांची नावं पहिलं नाव-आडनाव अशा साच्यात बसत नाहीत. एस्टोनिया म्हणून छोटा देश आहे, त्यांनी तर कायद्यातच लिहिलंय की एका खात्याने जी माहिती घेऊन ठेवलीय तीच गोळा करायला दुसऱ्या खात्याने वेगळा डेटाबेस बनवायचा नाही, २००१ पासून त्यांची खाती एकाच व्यवस्थेतून एकमेकांकडून माहिती घेतात. आणि मी ज्या सरकारला उत्पन्नाचा दाखला मागतो त्याच सरकारने दिलेला सातबारा त्याच सरकारला डाऊनलोड करून परत जोडतो, प्रिंट काढून, स्कॅन करून, ५०० केबीच्या आत बसवून.

परदेशाचं सोडा, आपल्याच माणसांनी केलेलं बघा. पिनकोड. श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित, त्यांनी तो बसवला, १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. सहा आकडे, सगळ्या देशाला एकच पद्धत, कुठल्याही भाषेत गावाचं नाव लिहा, आमचा नाशिकरोडचा ४२२१०१ बघितला की पत्र बरोबर पोचतं. तेव्हा सगळीकडे कॉम्प्युटर पण नव्हते. आणि यूपीआय तर २०१६ चं, बिटको चौकात भाजीवाल्या मावशींकडे कोणत्याही कंपनीचा क्यूआर असू दे, तुमच्याकडे कोणतंही ॲप असू दे, पैसे जातात, कारण मधली भाषा एक ठरलेली आहे. म्हणजे आपल्याला हे येत नाही असं अजिबात नाही.

गावाच्या नावाचं पण सांगतो कारण ताईंच्या वहीत त्याला आख्खं पान आहे. आपल्या जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत आहे निफाड तालुक्यात, पिंपळगाव बहुला आहे सातपूरच्या पुढे, पिंपळगाव खांब आहे आमच्याच बाजूला. एका पोर्टलच्या यादीत नुसतं पिंपळगाव दोनदा येतं, मागे काहीच नाही. जिल्ह्याचं नावसुद्धा इंग्रजीत जुन्या कागदांवर एच नसलेलं आणि नव्यावर एच असलेलं. गावाचा कोड सगळ्यांनी वापरला तर स्पेलिंगची भानगडच राहत नाही, कोड तयार आहेत, वापरायचे तेवढे बाकी आहेत.

जे चांगलं आहे ते पण लिहायला पाहिजे. सातबाऱ्याचं काम मस्त झालंय. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, मी घरी बसून १५ रुपये भरून काढला, तलाठ्याच्या सहीशिक्क्याची गरज नाही, क्यूआर आहे, कुणीही तपासून घ्यावा. डिजिलॉकरमध्ये लेकीची दहावी-बारावीची मार्कशीट आली, २०१७ पासून डिजिलॉकरमधला कागद मूळ कागदाच्या बरोबरीचा धरायचा असा नियम आहे. ह्या दोन्ही गोष्टी वापरताना मला कुणाला काही विचारावं लागलं नाही आणि ताईंच्या वहीत पण ह्या दोघांचं पान फक्त चार ओळींचं आहे. मी त्यावरूनच आता पोर्टल मोजतो, वहीत जेवढ्या ओळी कमी तेवढं पोर्टल चांगलं.

एक दिवस केंद्रात आमच्याच गल्लीतला एक मुलगा आला होता, त्याला दिसत नाही, फोन त्याला बोलून सगळं वाचून दाखवतो आणि तो माझ्यापेक्षा भराभर फोन चालवतो. बँकेचं, रेल्वेचं सगळं स्वतः करतो. इथे यावं लागलं कारण त्या फॉर्मला चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाइप करायची होती, ऐकायची सोय नव्हती, आणि सूचनांची पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो, त्यातलं अक्षर फोनला वाचताच येत नाही. शिक्षण झालेला मुलगा, आणि स्वतःचा ओटीपी दुसऱ्याला मोठ्याने सांगावा लागतोय. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिलाय की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तो मुलगा मला हे शांतपणे सांगत होता, आणि मला लाज वाटली की इतके दिवस मी माझ्या ज्ञानेश्वरचा वाय धरूनच बसलो होतो.

मराठीचं पण तसंच. काही जुने फॉर्म अजून अशा फॉन्टमध्ये आहेत की मोबाइलवर उघडले की अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं दिसतात, युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं सगळ्या मशीनवर सारखी दिसावीत म्हणून जगभर ठरलेल्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. आणि अर्जाचं काय झालं हे सांगणारे शब्द! एकीकडे "प्रलंबित", दुसरीकडे "अंडर स्क्रुटिनी", तिसरीकडे "डेस्क २", चौथीकडे "परत पाठविला", ह्यातलं कशात मला काही करायचंय आणि कशात नुसतं थांबायचंय ते कळत नाही. लेकीची मैत्रीण आठ दिवस "रिव्हर्टेड", म्हणजे परत पाठवलेला, बघत बसली, तिला वाटलं पुढे गेला.

मी ताईंना सरळ विचारलं, हे सगळं एकसारखं झालं तर तुमच्या धंद्याचं काय. त्या म्हणाल्या, "भाऊ, माणसं येणारच, सगळ्यांना कुठे फोन चालवता येतो. उलट कोणत्या आजीला कोणती योजना बसते ते सांगायला मला वेळ मिळेल, आत्ता ती बिचारी बसून राहते आणि मी फोटो कापत बसते." मला हे पटलं. सेवा केंद्रं बंद व्हावीत असं माझं म्हणणं नाही, पण ताईंसारख्या माणसाची हुशारी स्वल्पविराम चालतो का नाही ह्यात जाऊ नये. माझं मागणं एवढंच आहे की फोटोची एकच साइज, नावाची एकच पद्धत, तारखेचा एकच क्रम, गावाला कोड, अर्जाच्या स्थितीचे पाच-सहा ठरलेले मराठी शब्द, आणि जे पोर्टल हे पाळत नाही ते चालूच करायचं नाही. आणि ठरवताना ताईंसारख्या वीस-पंचवीस केंद्रचालकांना त्यांच्या वह्यांसकट बोलवा. सिंहस्थ आलाय, २०२७ ला सगळा देश नाशिकला येणार, त्यासाठी पण नवीन ॲप, नवीन नोंदण्या होतीलच, तिथून सुरुवात केली तरी चालेल.

लेकीचे तिन्ही दाखले मिळाले, शेवटचा मुदतीच्या दोन दिवस आधी.

जाणाऱ्यांसाठी: सकाळी दहाच्या आधी नाव लिहा, दुपारनंतर सर्व्हर फार हळू चालतो. गाळा लहान आहे, गाडी आतल्या गल्लीत लावा. मूळ कागद सगळे न्या आणि नाव सगळ्या कागदांवर कसं कसं लिहिलंय ते घरीच एका कागदावर उतरवून न्या, ताईंचा खूप वेळ वाचतो. आधारला जो मोबाइल नंबर जोडलाय तो फोन सोबत पाहिजेच, ओटीपी त्याच्यावरच येतो. आणि फोटो स्टुडिओतून मूळ मोठ्या साइजमध्ये मोबाइलवर घ्या, मोठा फोटो लहान करता येतो, एकदा २० केबीचा झालेला परत मोठा होत नाही.